आधण कमी ठेवणाऱ्या बाई

बाईंकडे पत्रिका घेऊन येणाऱ्याला आधी चहा मिळायचा आणि मग पत्रिका परत मिळायची. "ही घरी देवाजवळ ठेवा, इथे हिचा काही उपयोग नाही," असं त्या इतक्या शांतपणे सांगायच्या की माणसाला राग यायला गेटपर्यंत वेळ लागायचा. मग गेटपाशी कोणीतरी पुटपुटायचं, "बाई डोक्यावर पडलीय." ते मला बरोबर ऐकू यायचं, कारण माझं टेबल खिडकीला होतं. आता केंद्र मी चालवते आणि पत्रिका ठेवून घेते. लोकांना बरं वाटतं, माझं काय जातं?

पण वधू-वर सूचक केंद्र चालवायचं कसं ते मी बाईंकडूनच शिकले, आणि त्यांच्यासारखं कोणी अख्ख्या नाशकात चालवत असेल तर दाखवा मला. इंदिरानगरात त्यांचं बसकं घर, पुढची खोली म्हणजे ऑफिस, मागे मोरी आणि पेरूचं झाड. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. अंगावर खळ घातलेली सुती साडी आणि पायात पांढरे बूट, लोक पळायला घालतात तसले. टीव्हीवर मालिका लावायच्या त्या आवाज बंद करून. "बोलण्याने दिशाभूल होते, त्यांचे हात बघ," म्हणायच्या. लग्नाला गेल्या की पहिल्या रांगेत बसायच्या. फोटोवाला "हसा" म्हणाला की नवरा-नवरीतलं कोण आधी दुसऱ्याकडे बघतं, तेवढं पाहून घ्यायच्या आणि न जेवता, आहेर न देता घरी.

त्यांचं स्वतःचं लग्न कसं होतं, हे मी एकदा विचारलंच. मी तोंडाची फटकळ, पोटात काही राहत नाही. बाई म्हणाल्या, "एक केलं. माणूस चांगला होता, लवकर गेला. नमुना फार लहान आहे गं, त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही." आणि पुढच्या स्थळाची फाईल उघडली.

मी मूळची घोटीची. लग्न करून नाशकात आले आणि दोन वर्षांच्या आत ते मोडून बसले. नवऱ्याने कधी हात उचलला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. मी काही बोलायला लागले की तो बहिणीकडे बघायचा आणि दोघं बारीक हसायची. बस, एवढंच. भाजीला मीठ कमी आहे म्हटलं तरी हसायची आणि माझा भाऊ आजारी आहे म्हटलं तरी हसायची. कोर्टात सांगावं असं त्यात काही नव्हतं. आई म्हणायची, "हसतोच ना गं, मारीत तर नाय?" नोकरी मागायला बाईंकडे गेले तेव्हा माहीत नाही कसं, पण हे सगळं मी त्यांना सांगून बसले. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "भांडणारी जोडपी टिकतात. भांडू देत, खुशाल भांडू देत. एकाने दुसऱ्याला कमी लेखायला सुरुवात केली की मग काही उरत नाही. तू निघालीस ते बरोबर केलंस. उद्या दहाला ये."

नातेवाइकांत, शेजारात, कोणी तोवर मला बरोबर म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून बाईंचा शब्द माझ्यासाठी काळ्या दगडावरची रेघ झाला.

त्यांची एकेक वाक्यं मला अजून पाठ आहेत. "आवड विचारू नये, सवय विचारावी." "अपेक्षांच्या रकान्यात मुलगा आपल्या आईचं मत लिहितो." गोरी, उंच, घरकामाची आवड असणारी, असं सगळं लिहून देणारा मुलगा प्रत्यक्षात सावळ्या, ठेंगण्या, चहाही न येणाऱ्या मुलीशी तासभर खिदळत बसायचा आणि बाई मला डोळ्यांनीच खुणावायच्या. आपल्याला काय हवं ते माणसाला ठाऊक नसतं, पण ठाऊक आहे असं तो शपथेवर सांगतो, हे त्यांचं लाडकं मत. आणि माणूस रोज दिसणाऱ्याच्या प्रेमात पडतो, हे दुसरं. "बारा गावं हिंडतात, आणि जीव जडतो तो समोरच्या गाळ्यातल्या मोबाईलवाल्यावर."

पहिल्या भेटीला गडावर जायचं नाही, असा त्यांचा कडक नियम होता. विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने तो मोडला. आपला मुलगा आणि पाहायची मुलगी, दोघांना घेऊन सगळं घर वणीला, सप्तशृंगीच्या पायऱ्या चढून दर्शनाला. उतरले ते एकमेकांकडे बघून लाजतच. वडील पेढे घेऊन आले. बाईंनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "पायऱ्यांनी धाप लागली, छाती धडधडली, आणि नेमकी समोर ही होती. छातीला कारण कळत नाही हो, जो समोर दिसेल त्याच्यावर ती ढकलते. आता एकदा सपाटीवर भेटा, दुपारच्या वेळी, बसून." वडील म्हणाले, "बाई, देवीच्या दारात जमलेलं हाय, मोडता घालू नका." पण भेटवलं बिचाऱ्यांनी, विंचूरलाच, मार्केटच्या कँटीनमध्ये. दोघांनी चहा प्यायला, मुलाने तीनदा घड्याळ बघितलं, मुलीने मोबाईल काढला, आणि तेवढ्यावर स्थळ आटोपलं. ते व्यापारी आजही रस्त्यात दिसले की मान फिरवतात.

रविवारी सकाळी बाई मला मिसळ खायला न्यायच्या. म्हणजे मला वाटायचं मिसळ खायला. नाशिकला रविवारी मिसळीच्या दारात रांग लागते, आणि रांगेत निम्मी जोडपी. आम्ही कोपऱ्यातलं टेबल धरायचो. बाई पापड मोडत मला शिकवायच्या. "तो म्हणाला, ती गाडी बघ. तिने बघितलं का? नाही, मान न वळवता हं म्हणाली. आता तिकडे बघ, म्हातारा म्हणाला रस्सा आज तिखट आहे. म्हातारीने चव घेऊन बघितली. गाडी काय आणि रस्सा काय, त्यात काही नसतं. तू आहेस ना, एवढंच विचारत असतात माणसं दिवसभर." मला तेव्हा माझ्या घरातली ती दोन बारीक हसू आठवायची आणि रस्स्याचा ठसका लागायचा. बाई पाण्याचा ग्लास पुढे सरकवायच्या.

आता त्यांच्या प्रयोगाकडे येते. कांदेपोहे बाईंच्या घरात बंद होते. त्यांच्याकडे पाहण्याचा कार्यक्रम मागच्या अंगणात व्हायचा, आणि मुला-मुलीने मिळून गव्हाचा चीक शिजवायचा असायचा. ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना सांगायला नको. गहू भिजवून, वाटून, गाळून जे दाट दूध निघतं तो चीक. एकाने तो उकळत्या आधणात बारीक धारेने सोडायचा आणि दुसऱ्याने लाकडी दांड्याने हाटत राहायचं. एकट्याचं काम नाही ते. हात थांबला की गुठळी. आया-बापांना पुढच्या खोलीत बसवायचं, चिवडा द्यायचा आणि दार लावून घ्यायचं. एकदा एका मुलाची आई आवाज ऐकून धावत मागे आली आणि तिने मुलाच्या हातून दांडा काढून घेतला. मुलगा हात पुसून बाजूला उभा राहिला, हायसं वाटल्यासारखा. बाईंनी ते स्थळ तिथल्या तिथे बंद केलं.

आणि गंमत अशी की तो चीक कधी नीट व्हायचाच नाही. कारण बाई आधण मुद्दाम कमी ठेवायच्या. हे फक्त मला ठाऊक होतं. "गुठळी होणारच," त्या म्हणायच्या. "संसारात काय होत नाहीत? मला एवढंच ऐकायचंय की गुठळी झाल्यावर पहिलं वाक्य काय येतं." कोणी म्हणायचं, "तरी सांगत होते, हळू घाला." कोणी म्हणायचं, "मला काय माहीत, मी इंजिनीअर आहे." आणि एखादं जोडपं म्हणायचं, "अरेच्चा, आता काय करू या?" आणि दोघं मिळून चमच्याने गुठळ्या फोडत बसायची. त्यांना बाई पुढच्या खोलीत घेऊन यायच्या आणि आई-बापांना सांगायच्या, "तारीख बघा." त्या जोडप्यांची मुलं आता शाळेत जातात. मी खात्रीने सांगते, ह्या पद्धतीत खोट नव्हती.

खोट मी घातली. वणीच्या एका शाळेतले मास्तर नाव नोंदवायला आले होते. घटस्फोट झालेला, पण पहिल्या बायकोबद्दल एक वाकडा शब्द बोलले नाहीत. "तिला शहरात राहायचं होतं, मला नव्हतं, आम्ही दोघांनी आधी विचारलं नाही," एवढंच म्हणाले. चपला दाराशी जोडीने लावून आत आलेले. बाईंनी मला हळूच सांगितलं, "शिस्तीचा माणूस आहे. ह्याच्यासाठी चांगली मुलगी शोधू." शोधली, बोलावली, चीक तयार ठेवला, गॅस पेटवला, आणि ऐन वेळी मुलीच्या वडिलांचा फोन. मुलीला शाळामास्तर नको. बाई आतल्या खोलीत त्यांच्याशी हुज्जत घालत बसल्या.

इकडे आधण उकळतंय, चीक तसाच पडलेला, मास्तर पेरूखाली उभे. मी भाताच्या गावातली, अन्न वाया जाताना मला बघवत नाही. मी आधणात तांब्याभर पाणी वाढवलं, उकळी येऊ दिली, आणि म्हटलं, "मास्तर, धरा चिकाचं भांडं. धार बारीक सोडा."

"अशी?"

"अजून बारीक. झाडाला पाणी घालताय का?"

"अहो, पहिल्यांदाच करतोय. शिकवा की नीट."

शिकवलं. चीक असा झाला, लोण्यासारखा, एक गुठळी नाही. आम्ही दोघं वाकून त्या पातेल्यात बघत होतो तेवढ्यात बाई बाहेर आल्या. त्यांनी पातेलं पाहिलं, मला पाहिलं. "पाणी कोणी घातलं?"

"मी. वाया गेला असता."

"अगं, वायाच जायला हवा होता," बाई म्हणाल्या. असं का, म्हणून मास्तरांनी विचारलं आणि बाईंना सगळं सांगावं लागलं. मास्तर इतके हसले की बाईंना पण हसू आलं. तिघांनी दूध-साखर घालून गरम चीक खाल्ला, आणि वणीची एसटी धरायला मास्तर निघून गेले. बाई भांडी आवरताना म्हणाल्या, "तो भाजीवालीला ताई म्हणतो, कामवालीला ताई म्हणतो, मला पण एकदा ताई म्हणाला. तुला अहो म्हणतो."

पुढच्या रविवारी मास्तर परत आले. ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय त्यांना नव्हती. सरळ बाईंसमोर बसले आणि म्हणाले, "मला दुसरी स्थळं दाखवू नका. ह्यांची तयारी असेल तर मला ह्यांच्याशी लग्न करायचंय." मी टेबलावरचा स्टेपलर उघडझाप करत बसले. मला मास्तर आवडले होते. चांगलेच आवडले होते, खोटं कशाला बोलू? पण दुधाने तोंड पोळलेली मी. पहिलं स्थळही सगळ्यांना आवडलं होतं. ह्या खेपेला बाई हो म्हणतील तरच हो, असं मी मनाशी पक्कं केलं होतं, आणि मास्तरांनाही तसंच सांगितलं.

बाई हो म्हणेनात. "तुमच्या दोघांचं एकत्र काही बिघडलेलं मी पाहिलेलंच नाही. तू पाणी घातलंस. पुरावा नाही." बरं, मान्य. पण मग रोज नवं काहीतरी. चपला जोडीने लावतो, म्हणजे घरात कडक असणार. लवकर हो म्हणतो, म्हणजे लवकर नाही पण म्हणेल. मास्तरांना दहाची वेळ देऊन बाराला भेटायच्या. गॅसचा सिलिंडर उचलायला लावायच्या, पेरू काढायला झाडावर चढवायच्या. मास्तर सगळं करायचे. मग बाई म्हणायच्या, "बघ, काही बोलत नाही. मनात साठवणारा दिसतोय." असं करता करता उन्हाळा गेला, पावसाळा गेला. घरून भाऊ विचारायचा, मास्तर विचारायचे, आणि मी सगळ्यांना सांगायचे, बाई बघतायत. मी बाईंची इतकी वर्षं शागिर्दी केलेली, मला दिसत नव्हतं असं नाही. पण ज्या एका माणसाने मला बरोबर म्हटलं, ते माणूस चुकतंय असं म्हणायची माझी छाती नव्हती.

शेवटी एका रविवारी मास्तरांचा बांध फुटला. भरदुपारी ऑफिसात आम्ही तिघंच. बाई पेपर तोंडासमोर धरून बसलेल्या. मास्तर मला म्हणाले, "लग्न तुम्ही करणार आहात की बाई?"

"बाईंना मध्ये आणायचं काम नाही," मी म्हटलं.

"मी कुठे आणतोय? त्याच मध्ये बसल्यात. पेपर उलटा धरून."

माझं डोकं फिरलं. "मग तुम्ही कशाला ताटकळताय? वणीची गाडी लागलेली असेल, जा."

मास्तरांचा चेहरा पडला. उठले, चपला घातल्या आणि गेले. गेटचा आवाज आला. मी तशीच उभी. मला हे सगळं पाठ होतं हो. आता आठवडाभर अबोला, मग टोमणे, मग ते हसू. मी मनात सगळं पुढचं बघून घेतलं आणि म्हटलं, संपलं.

तर मास्तर दारात. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलेले, घामाने निथळत. चपला नीट न लावताच आत आले. "बाई, तुमच्याबद्दल बोललो ते चुकलं माझं," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पण प्रश्न माझा खरा आहे. तो मी परत विचारणार. आधी पाणी द्या, लय ऊन हाय बाहेर."

एवढा शुद्ध बोलणारा माणूस, पण घाईत गावाकडचं तोंडात आलं. मी पाणी आणलं. ग्लास देताना म्हटलं, "गाडी दाखवली ते माझंही चुकलं. आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार आहे, बाई नाही." ते म्हणाले, "मग द्या सावकाश. मी आहे." पाणी प्यायले, बाईंना नमस्कार केला आणि ह्या वेळी खरोखरच गाडीला गेले.

बाईंनी पेपर खाली ठेवला. खरंच उलटा होता.

"बघितलंत?" मी विचारलं.

"बघितलं."

"मग?"

बाई पेपरची घडी घालत बसल्या. मी खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसले. म्हटलं, "बाई, बोलण्यावर जाऊ नको, वागणं बघ, हे तुम्हीच शिकवलंत. मग मी तुमचं वागणं सांगते. जोडीने चपला लावणारा माणूस पहिल्या दिवशी तुम्हाला शिस्तीचा वाटला, मला मागणी घातल्यावर कडक वाटायला लागला. मी सुट्टी घेतली की दुपारी तुमचा फोन येतो आणि काम काहीच नसतं. संध्याकाळी मी पर्स उचलली की तुम्हाला हटकून एखादं जुनं स्थळ आठवतं. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता?"

त्यांनी पेपर बाजूला सरकवला. म्हणाल्या, "म्हणाले असते, ही बाई घाबरलीय." चष्मा काढला. "तू गेलीस की हे घर मला खायला उठेल. तू यायच्या आधी मला एकटीची सवय होती. छान होती. ती मोडली. ह्या वयात परत लावून घेणं मला जमायचं नाही."

"मग जाऊ नकोस म्हणायचं होतंत. त्या बिचाऱ्याला झाडावर कशाला चढवलंत?"

"ते म्हणता येत नाही मला. पुरावा नाही म्हणता येतं."

"म्हणून तर बघा एकदा."

बाईंनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "जाऊ नकोस," म्हणाल्या. आणि लगेच, त्याच दमात, "आणि त्याला हो म्हण. माणूस चांगला आहे. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी म्हटलं, "वणी काय लांब आहे का बाई, एसटीने रोज येईन." त्या म्हणाल्या, "रोज येईन असं सगळेच म्हणतात. येतेस का ते बघू." मी आले. त्या असेपर्यंत आले, आणि त्या गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसायला आले. पण त्या दिवशी त्यांना ते कुठून ठाऊक असणार?

"फोन लाव जा," म्हणाल्या. "माझ्यासमोर नको, गच्चीवर जा."

गच्चीवरून मी मास्तरांना फोन केला. ते एसटीत होते, कंडक्टरच्या आवाजात त्यांना ऐकू येईना, तीनदा हो म्हणावं लागलं.

माझ्या पहिल्या लग्नात पाठवणीला कोणी रडलं नव्हतं. शहरातलं स्थळ, मुलाचा स्वतःचा फ्लॅट, आई तर हसत होती, आणि गाडी घोटीच्या बाहेर पडल्यावर मीच स्वतःसाठी थोडं रडून घेतलं होतं. त्या दुपारी गच्चीवरून खाली आले तर बाई ऑफिसच्या खुर्चीत बसून रडत होत्या, तोंडाला पदर न लावता, मोठ्याने. मी जवळ गेले आणि त्यांच्या गळ्यात पडले. लग्न पुढे रीतसर रजिस्टर झालं, सह्या झाल्या, पेढे वाटले. माझी पाठवणी मात्र त्या दुपारीच झाली.